पासबुक भरून घ्यायला आलेली आजी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात बीबी नावाचं गाव आहे. लोणारचं विवर जगाला ठाऊक आहे. जिजाऊंचं जन्मगाव म्हणून सिंदखेडराजा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बीबी कुठं आलं, असं कुणी विचारलं तर या दोन गावांची नावं घेऊनच पत्ता सांगावा लागतो. या गावी १९८९ ते १९९२ अशी तीन वर्षं मी बँकेत अधिकारी होतो. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मीही नकाशा उघडून बसलो होतो, हे कबूल करायला हवं.

निवृत्तीनंतर मला 'साहेब' म्हणणारं फारसं कुणी उरलेलं नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर एक फोन आला आणि पलीकडून कुणी 'साहेब' म्हणालं, तेव्हाच ओळखलं की हा बीबीकडचा माणूस. आमच्या शाखेत त्या काळी शिपाई असलेल्या गृहस्थांचा हा नातू. गावातच त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा काढून देणं, पीकविम्याचा अर्ज भरणं, दहावी-बारावीचे निकाल काढून देणं, हा त्याचा रोजचा धंदा. फावल्या वेळात त्यानं गावाची वेबसाइट तयार केली होती. 'तुम्ही पुस्तकं लिहिता, तर जरा पाहून सांगा' असं त्याचं म्हणणं. आठ दिवसांनी तो लॅपटॉप घेऊन घरीच आला.

पोरानं मेहनत घेतली होती, यात शंका नाही. पहिल्या पानावर देवळाचा सुरेख फोटो होता. 'गावाचा इतिहास' या पानावर प्राचीन काळापासून चालत आलेल्या वैभवशाली परंपरेचं वर्णन होतं. मात्र त्यात एकही सन नव्हता. मान्यवरांच्या शुभेच्छा होत्या. अधिकाऱ्यांच्या यादीत जे तलाठी होते त्यांची बदली होऊन दोन वर्षं उलटली होती. 'शेतीविषयक माहिती' या पानावर 'लवकरच येत आहे' एवढंच लिहिलेलं होतं. आणि अगदी तळाशी, किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा होता.

"पहिल्या महिन्यात धडाधड लोकं आले, साहेब," तो म्हणाला. "पुण्या-मुंबईत नोकरीले गेलेल्या पोरांनी एकमेकांले पाठवलं. मंग सारं थंड. लोकं एकडाव येतात, पाहतात अन् जातात. परत काऊन नाही येत?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पण कॅशियरच्या पिंजऱ्यामागे आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न अनोळखीही नव्हता. माणूस परत का येतो, यावरच तर बँक चालते. मला त्या क्षणी त्याच्याच गावातली एक म्हातारी आठवली.

लाल शाई

ही आजी वर्षातून दोनदा बँकेत यायची. जानेवारीत आणि जुलैमध्ये, आठवडी बाजाराच्या दिवशी. तिच्या खात्यात बाराशे रुपये होते, शेळ्या विकून ठेवलेले. ती पैसे काढायला येत नसे, भरायलाही क्वचितच येई. ती यायची पासबुक भरून घ्यायला. सहा महिन्यांचं व्याज जमा झालं की ते पासबुकात लिहून घ्यायचं आणि माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. बचत खात्यावर तेव्हा पाच टक्के व्याज होतं, म्हणजे सहामाहीला तीस रुपयांच्या आसपास. "औंदा किती पडले?" हा तिचा प्रश्न. मी आकडा सांगितला की ती मनाशी काहीतरी जुळवायची, पासबुक पदराच्या गाठीत बांधायची आणि जायची.

तिला अक्षरओळख नव्हती, पण नियम पाठ होता. त्या काळी दर महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं. रोजच्या शिल्लकीवर व्याज मिळू लागलं ते २०१० पासून. त्यामुळे दहा तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही, हे ती शेजारणींना सांगायची. आमच्या कित्येक शिकलेल्या खातेदारांना हे ठाऊक नव्हतं.

एका जुलैमध्ये मी आकडा वाचला आणि ती जागची हललीच नाही. "मागल्या खेपेले तीस पडले व्हते, सायेब. औंदा काऊन कमी?" बाजाराचा दिवस, काउंटरसमोर रांग. मी उडवून लावणार होतो. पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खात्री होती. उठलो, लेजर काढलं. चूक माझीच होती. शेजारच्या पानावरच्या खात्याची नोंद मी हिच्या पानावर केली होती आणि हिची त्याच्या. 'संध्याकाळी दुरुस्त करू' असं वरिष्ठ म्हणाले. मी मात्र तिच्यासमोरच लाल शाईनं चुकीचा आकडा छेदला, खरा आकडा लिहिला, शेजारी सही केली आणि तिला तिचं पासबुक दाखवलं. तिला ते वाचता येत नव्हतं. पण लाल रेघ दिसत होती.

मला वाटलं, आता हिचा विश्वास उडणार. पुढच्या जानेवारीत ती आली तेव्हा सोबत सून होती. सुनेचं खातं उघडायचं होतं.

मी ही गोष्ट त्या मुलाला सांगितली तेव्हा तो गोंधळला. त्याला वाटलं, साहेब म्हातारे झाले, भलतीकडेच वाहवले. मग मी त्याला विचारलं, "तुझ्या वेबसाइटवर गावातल्या माणसाचं स्वतःचं असं काय ठेवलेलं आहे, जे बघायला तो सहा महिन्यांनी परत येईल?" तो गप्प झाला.

पितळी टोकन

पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की पितळी टोकन मिळायचं. संध्याकाळी टोकनं मोजली की आज किती गर्दी झाली ते कळे. पण टोकनांच्या संख्येवरून शाखा चालते की बुडते हे कुणी ठरवलं असतं तर त्याला आम्ही वेड्यात काढलं असतं. शाखा पाहिली जायची ती ठेवींवरून आणि कर्जाच्या वसुलीवरून. वेबसाइटच्या तळाशी असलेला तो फिरता आकडा म्हणजे टोकनांची मोजदाद. एकाच माणसानं दहा वेळा पान उघडलं तरी तो पुष्कळदा दहानं वाढतो, आणि दहा माणसं एकेकदा येऊन कायमची गेली तरी दहानंच.

नुसत्या गर्दीचं काय होतं, हे बीबीच्या शेजारीच साऱ्या देशानं पाहिलं. २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. सगळीकडे टाळेबंदी, लोक घरात बसलेले, आणि हातातल्या फोनवर गुलाबी लोणार. ज्यांनी लोणारचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही त्या आठवड्यात ते शोधलं. जो तो तेच तीन-चार फोटो आणि तोच मजकूर लावत होता. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं. खरं तर ही दुसरी बातमी पहिलीहून मोठी होती. पण तोवर गर्दी पांगली होती.

आता कल्पना करा, लोणारबद्दल एखादं पान असं असतं की ज्यावर दर आठवड्याला पाण्याची पातळी, पाण्याचा रंग, दिसलेले पक्षी, धारेला पाणी किती, एवढंच कुणी निष्ठेनं लिहून ठेवलं असतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आहे, ही माहिती माणूस एकदाच वाचतो. ती बदलत नाही. पण या आठवड्यात पाणी कुठवर आलं, हे तो दर आठवड्याला वाचेल. आणि जूनमध्ये पाणी गुलाबी झालं त्या दिवशी, मागच्या वर्षी याच आठवड्यात रंग कसा होता, हे सांगू शकणारं ते एकच पान ठरलं असतं. गर्दी तिथंही झाली असती. पण त्या गर्दीतले काहीजण मागे राहिले असते.

जुनी माहिती नुसती निरुपयोगी असते असं नाही, ती घातक असते. याचा चटका मला नोकरीतच बसला. २००५ च्या सुमारास आमच्या बँकेनं आपली वेबसाइट नव्यानं मांडायला घेतली आणि लेखक म्हणून मलाही समितीत घेतलं. आम्ही अध्यक्षांचा संदेश लिहिला, उद्दिष्टं लिहिली, बोधचिन्हाचा अर्थ लिहिला. येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असत. आपल्या शाखेचा फोन नंबर आणि ठेवींवरचा आजचा व्याजदर. त्या दोन्ही आम्ही चौथ्या पानावर टाकल्या होत्या. एकदा व्याजदर उतरले आणि वेबसाइटवर जुना दर तसाच राहिला. एक निवृत्त शिक्षक त्या पानाची छापील प्रत घेऊन शाखेत आले. नियम आमच्या बाजूनं होता, त्यामुळे त्यांना नवा, कमी दरच मिळाला. ते भांडले नाहीत. कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे हे वाचायचं नसतं तर." पुन्हा कधी ते त्या वेबसाइटवर गेले असतील असं मला वाटत नाही.

दुधाचा हिशेब

परत येणाऱ्या वाचकाचं गुपित मराठी माणसाला नवं नाही. आपल्या भाषेत ते पूर्वीपासून घडत आलं आहे.

'कालनिर्णय' घ्या. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं. तिथी, सणवार, मुहूर्त पुढच्या बाजूला आणि पानामागे लेख, पाककृती, भविष्य. हे सगळं उत्तमच. पण भिंतीवरच्या त्या पानाकडे घरातली बाई रोज सकाळी जायची ती फक्त तिथी बघायला नव्हे. तारखेच्या चौकोनात ती दुधाचा हिशेब लिहायची. अर्धा लिटर जास्त घेतलं, दोन दिवस खाडा झाला, गॅसची टाकी लावली, धुणंवाली आली नाही. वर्षाच्या शेवटी त्या कॅलेंडरवर छापलेला मजकूर सगळ्यांच्या घरी सारखाच असे, पण हातानं लिहिलेला प्रत्येक घरी वेगळा. छापणाऱ्यानं मोकळी जागा सोडली आणि घरानं ती भरली. ज्या कागदावर आपलं अक्षर आहे तो कागद माणूस फेकत नाही.

कादंबरीकारांनी हे दुसऱ्या वाटेनं साधलं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः छापली. बालविधवा यमूचं पुढं काय होतं, ही काळजी वाचकाला पुढच्या अंकाकडे ओढत होती. मीही एका साप्ताहिकात एकदा कादंबरी क्रमशः लिहिली होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी मोठ्या हुशारीनं एकेक कलाटणी योजली होती. वाचकांची पत्रं आली ती मात्र तिसऱ्या प्रकरणात सहज येऊन गेलेल्या एका म्हशीबद्दल. नायकाच्या आईनं नड म्हणून विकलेली म्हैस. 'ती म्हैस परत मिळाली का?' असं सात-आठ जणांनी विचारलं होतं. कलाटणीचं कुणी नावही काढलं नाही. तेव्हा कळलं, वाचक उत्सुकतेनं एकदा येतो आणि काळजीनं पुन्हा पुन्हा.

आणि इंटरनेटवरही हे घडलंच. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केलं. संगणकावर देवनागरी उमटवणं तेव्हा दुर्मीळ होतं. पुष्कळजण रोमन लिपीतच मराठी लिहीत. सोयी अशा नव्हत्याच. तरी परदेशातली माणसं कामावरून येऊन ते पान उघडत, पंचवीस वर्षांहून जास्त काळ उघडत राहिली, कारण तिथं त्यांची बोली होती आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी होतं. दर गणपतीत तिथं उत्सव होतो. ठरलेला दिवस चुकत नाही. आजीचे जानेवारी-जुलै चुकत नसत, तसंच हे.

मुहूर्ताचा भाव

इथवर ऐकल्यावर त्या मुलानं मला अडवलं. तो दुकानदार आहे, हिशेबी आहे. म्हणाला, "साहेब, लोकं तर भाव पाहाले रोज येतात. सोयाबीनचा भाव टाकला की गर्दीच गर्दी. पण त्यातही गोम आहे."

गोम मला ठाऊक होती, पण त्याच्या तोंडून ऐकली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलच्या घरात गेलं होतं. शेतात पीक उभं आणि फोनवर दहा हजारांचे आकडे. शेतकऱ्यांनी पोरीच्या लग्नापासून ट्रॅक्टरच्या हप्त्यापर्यंत सगळं त्या आकड्यावर मांडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. बाजार पडतो-चढतो, त्याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. पण हंगामाच्या तोंडी एक वेगळाच आकडा फिरतो. नव्या मालाच्या पहिल्या गाडीला बाजार समितीत हार घालतात, नारळ फोडतात आणि मुहूर्त म्हणून व्यापारी चढा भाव लावतात. तो भाव त्या एका गाडीपुरता, काही पोत्यांपुरता असतो. दुसऱ्या दिवशी मथळा मात्र असा येतो की जणू सगळ्यांनाच तो मिळणार. तो मथळा वाचून माणूस भाड्याची गाडी करतो, पन्नास-साठ किलोमीटर माल नेतो, आणि ओलावा जास्त म्हणून त्याच्या हातावर निम्मा भाव टेकवला जातो.

"अन् तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी तेच पान उघडते," तो मुलगा म्हणाला. "मंग तुमची पासबुकाची गोष्ट कुठं लागू पडली?"

त्याच्या या बोलण्यानं मी खरोखर विचारात पडलो. कारण तो बरोबर होता. माणूस फसवणुकीकडेही परत येतो. मटक्याकडे येतो. मटक्याचा जन्मच मुळी भावांतून झाला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सौदे उघडताना आणि बंद होताना जे भाव निघत ते तारेनं मुंबईत येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. पुढे ते भाव येणं थांबलं, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कायम राहिले. आपला वऱ्हाड-विदर्भ तर कापसाचा मुलूख. ज्या आकड्यावर इथल्या शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं त्याच आकड्यावर तिकडे कुणाचा तरी जुगार ठरायचा. दोघंही रोज आकड्याची वाट बघत. मग फरक काय?

बराच वेळ मी बोललो नाही. शेवटी एवढंच सुचलं की फरक परत येण्यात नाही, परत जाताना हातात काय असतं त्यात आहे. आजी बँकेतून निघायची तेव्हा तिला ठाऊक असायचं की आपल्याकडे किती आहे. मटक्यावरून उठणारा निघतो तेव्हा त्याला एवढंच ठाऊक असतं की उद्या पुन्हा यायचं आहे. मोठमोठ्या कंपन्या आज आपल्या फोनवर जे करतात ते बहुतेक दुसऱ्या जातीचं आहे. बोट वर सरकवत राहायचं आणि काहीतरी निघेल याची वाट बघायची. बीबीसारख्या गावाच्या वेबसाइटनं त्या शर्यतीत उतरू नये. तिथं ती हरेल, आणि जिंकली तर गावाचं नुकसान होईल.

"मग भाव टाकू नको का?"

"टाक. पण पूर्ण टाक."

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांचे रोजचे दर असतात. त्यात आवक किती, किमान दर किती, कमाल किती आणि सर्वसाधारण दर किती, असे वेगवेगळे रकाने असतात. मथळ्यात नेहमी कमाल दर जातो. शेतकऱ्याच्या उपयोगाचा असतो तो सर्वसाधारण दर, आणि त्याच्याशेजारी आवक. पाच क्विंटल आवकेचा भाव आणि पाच हजार क्विंटल आवकेचा भाव यांचं वजन सारखं नसतं. मी त्याला म्हटलं, मेहकर, चिखली, लोणार, खामगाव, जिथं गावातला माल जातो तेवढ्याच बाजारांचे चारही रकाने लाव. तारीख लाव. मुहूर्ताचा असेल तर तसं लिही. भाव आला नसेल त्या दिवशी 'आज भाव आला नाही' असं लिही, कालचा तसाच ठेवू नको. आणि मागचे भाव पुसू नको. ज्याला गेल्या दिवाळीचा भाव बघायचा आहे त्याला तो तिथंच सापडला पाहिजे. वेब ज्यानं निर्माण केलं त्या टिम बर्नर्स-ली यानं १९९८ सालीच लिहून ठेवलं आहे की एकदा दिलेला पानाचा पत्ता बदलू नये. आपल्याकडे सरकारी वेबसाइट नव्यानं मांडली की जुने पत्ते मरतात आणि माणूस रिकाम्या दारावर उभा राहतो. बँकेनं दरवर्षी खाते क्रमांक बदलले असते तर आजी किती वेळा आली असती?

५६ की ६५?

तो गेला. मी नेहमीप्रमाणे विसरलो. २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा त्याचा फोन आला, आणि या वेळी आवाज घाबरलेला होता.

त्यानं वेबसाइट बदलली होती. शुभेच्छा मागं गेल्या होत्या. पहिल्या पानावर चार बाजारांचे भाव, एसटीच्या वेळा, गावात कुणाकडे बियाणं किंवा बैलजोडी विकायची आहे त्याची यादी, आणि रोजचा पाऊस. पावसासाठी त्यानं शाळेतल्या गुरुजींना गाठलं होतं. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवलं होतं. रोज सकाळी आठवी-नववीतली मुलं मिलिमीटर मोजून आकडा कळवत आणि हा तो चढवत असे. खाली मापणाऱ्या मुलांची नावं. त्यामुळे त्या मुलांची आख्खी घरं रोज ते पान उघडत.

एका सकाळी आकडा आला ५६ आणि यानं घाईत लिहिला ६५. साधी अंकांची अदलाबदल. मीसुद्धा लेजरमध्ये शेकड्यानं केली असेल. पण शेतकऱ्याच्या दारी हे दोन आकडे सारखे नाहीत. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं आणि तिथून पंचनामा, नुकसानभरपाई अशी पुढची चाकं फिरायची शक्यता असते. सरकारचा निर्णय सरकारी यंत्राच्या आकड्यावर होतो, शाळेच्या नव्हे, हे त्यानं पानावर लिहिलेलं होतं. पण आशेला तळटीप दिसत नाही. दुपारपर्यंत गावात बोलबाला झाला की 'काठावर आलं, आता पंचनामे होणार'. पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनकडे बघून माणसं जरा सैल झाली होती. काहीजण कागद जमवायला लागले होते.

"साहेब, आता काय करू? हळूच बदलून टाकू का? कोणाच्या ध्यानात येणार नाही."

तीस-बत्तीस वर्षं मागं गेलेली ती रांग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. संध्याकाळी दुरुस्त करू म्हणणारा आवाजही ऐकू आला. मी त्याला एवढंच म्हटलं, "खोडू नको. छेद. लाल रंगानं."

त्यानं तसं केलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की आज सकाळी आकडा ६५ दिला होता तो चुकीचा होता, खरा ५६, चूक माझी, शाळेतल्या मुलांची नाही. छेदलेला ६५ दिसत राहील असा ठेवला आणि खाली आपलं नाव घातलं. त्या रात्री त्याला लोक बरंच बोलले. एकानं दुकानात येऊन विचारलं, "तुह्या बापाचं काय जात होतं, राहू दिलं असतं तर?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. ज्याच्या शेतात पाणी साचलं आहे त्याला नऊ मिलिमीटरचा हिशेब समजावून सांगायला मी कोण?

मी त्याला विचारलं, मग आता लोक येतात का? तो म्हणाला, चार-पाच दिवस कमी आले. मग पुन्हा पाऊस झाला. सकाळी साडेआठला आकडा चढवायला याला उशीर झाला तर फोन येऊ लागले. त्यात तो बाप काढणारा माणूसही होता. "आज किती झाला? अन् नीट पाहून सांग."

'नीट पाहून सांग.' खातेदाराचं बोलणं असंच असतं. एकदाच येऊन गेलेला माणूस भांडायला थांबत नाही. तो निघून जातो. ज्याचं काहीतरी तुमच्याकडे ठेवलेलं असतं तोच रागावतो आणि तोच परत येतो.

बीबीच्या त्या शाखेत आजीचं खातं पुढं किती वर्षं चाललं, मला ठाऊक नाही. माझी बदली झाली त्या जुलैमध्ये ती आली होती. मी पासबुक भरलं, आकडा वाचला. तिनं नेहमीप्रमाणे मनाशी जुळवलं. मग पासबुकाची मागची पानं उलटवून तिनं ती लाल रेघ शोधून काढली, त्यावर बोट ठेवलं आणि नव्यानं आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाली, "या सायेबानं हे माह्यासमोर केलं व्हतं. तुम्हीबी असंच करत जा."